आल्ला होर्स्का यांच्यावर गावच्या वाचनालयात सचित्र व्याख्यान कसे उभे करावे

गोव्यातील वाचनालयांत आणि सांस्कृतिक मंडळांत चित्रकारांवर कार्यक्रम होतात तेव्हा नावे बहुधा ठरलेली असतात: त्रिंदाद, आंजेलु द फोन्सेका, सोझा, गायतोंडे, लक्ष्मण पै. ही परंपरा मोठी आहे आणि तिच्यावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तरीही वर्षातून एखादा कार्यक्रम दूरच्या चित्रकारावर ठेवायला हरकत नसावी. युक्रेनच्या आल्ला होर्स्का (१९२९–१९७०) त्यासाठी फार योग्य आहेत. त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम शाळा, उपाहारगृह, संग्रहालय अशा इमारतींच्या भिंतींवर, रोज येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांसाठी झाले, आणि ते पाहायला चित्रकलेचे शिक्षण लागत नाही. पुढील मार्गदर्शन तासाभराचे सचित्र व्याख्यान तयार करणाऱ्या कार्यकर्त्यासाठी किंवा शिक्षकासाठी आहे. वक्ता चित्रकार असावा अशी अट नाही.

या व्याख्यानात एक धोका पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावा लागतो. होर्स्का यांचा खून झाला, तोही संशयास्पद रीतीने, आणि ही हकिकत इतकी ओढून घेणारी आहे की नीट काळजी घेतली नाही तर सारा तास तीच गिळून टाकते. श्रोते घरी जाताना खून लक्षात ठेवतात आणि चित्र एकही आठवत नाही. म्हणून मांडणीचा क्रम असा ठेवावा की मृत्यूचा उल्लेख येईपर्यंत श्रोत्यांनी त्यांची निदान दहा-बारा कामे डोळे भरून पाहिलेली असतील. निमंत्रणपत्रिकेवरही 'खून झालेली चित्रकर्ती' अशी ओळ छापण्याचा मोह टाळावा. गर्दी थोडी कमी होईल, पण ती चालेल.

पहिली दहा मिनिटे त्या काळाची चौकट उभी करण्यासाठी द्यावीत, कारण तिच्याशिवाय 'बंडखोर चित्रकार' या शब्दांना अर्थ येत नाही. सोव्हिएत संघात चित्रकाराला जगण्यासाठी कलावंत संघाचे सदस्यत्व लागत असे. स्टुडिओ, रंग-साहित्य, सरकारी कामांची कंत्राटे, प्रदर्शनात जागा हे सारे त्या सदस्यत्वाबरोबर येई आणि त्याच्याबरोबर जाई. चित्र कसे असावे हेही वरून ठरलेले होते: समाजवादी वास्तववाद, म्हणजे कामगार, शेतकरी, सैनिक आणि नेते आशावादी व ओळखू येईल अशा शैलीत रंगवणे. ही चौकट न मानणारे ते अनौपचारिक, चाकोरीबाहेरचे कलावंत. त्यांतले काही केवळ शैलीमुळे अडचणीत आले, काही विषयामुळे, आणि होर्स्का यांच्यासारखे काही चित्रांबरोबरच नागरिक म्हणून केलेल्या कृतींमुळे. हा फरक सुरुवातीलाच स्पष्ट करावा, म्हणजे पुढे 'त्यांच्या चित्रांत एवढे आक्षेपार्ह काय होते' हा प्रश्न निघाला की गोंधळ उडत नाही.

गोव्याच्या श्रोत्यांना, विशेषतः वयस्करांना, हे समजावायला फार वेळ लागत नाही. सालाझारच्या राजवटीत इथे काहीही छापण्याआधी तपासनिसाची परवानगी घ्यावी लागे, आमंत्रणपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसत, हे त्यांनी अनुभवले किंवा घरात ऐकलेले असते. काळाची खूण म्हणून १९६१ चा डिसेंबर वापरावा. गोवा मुक्त झाला त्या वेळी कीव्हमध्ये तरुण कवी, नट आणि चित्रकारांचा 'सर्जनशील युवकांचे मंडळ' हा गट भरात होता. तो १९६० ते १९६४ असा चालला आणि त्याचे अध्यक्ष नाट्यदिग्दर्शक लेस तान्युक होते. स्टालिनच्या मृत्यूनंतर पकड थोडी सैल झाली होती, त्या फटीतून वर आलेली ही पिढी युक्रेनमध्ये 'साठीची पिढी', म्हणजे १९६० च्या दशकातली पिढी, म्हणून ओळखली जाते. होर्स्का या पिढीच्या मध्यभागी होत्या.

चौकटीनंतर चरित्र सांगायचे, पण थोडक्यात आणि पुढे लागणारे तेवढेच. जन्म १८ सप्टेंबर १९२९ रोजी क्रिमियातील याल्टा येथे. वडील ओलेक्सांद्र होर्स्की हे सोव्हिएत चित्रपट उद्योगातील मोठे व्यवस्थापक. याल्टा, लेनिनग्राड, ओडेसा, कीव्ह अशा ठिकाणच्या चित्रपटसंस्था त्यांनी चालवल्या. म्हणजे घर सुखवस्तू, सत्तेच्या जवळचे आणि रशियन बोलणारे. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यातले दोन हिवाळे या मुलीने आईबरोबर काढले. सावत्र भाऊ युद्धात मारला गेला. युद्धानंतर कीव्हमध्ये कलाशाळा, मग १९४८ ते १९५४ कीव्हच्या कला संस्थेत शिक्षण. १९५२ मध्ये सहाध्यायी चित्रकार व्हिक्टर झारेत्स्की यांच्याशी विवाह आणि १९५४ मध्ये मुलगा ओलेक्सी यांचा जन्म. इथपर्यंत कुठेही बंड दिसत नाही, आणि ते मुद्दाम सांगावे. ज्या घराला राजवटीकडून काही कमी नव्हते, त्या घरातली मुलगी पुढे तिच्याविरुद्ध उभी राहिली.

आता चित्रे. यादी करताना तीस-चाळीस प्रतिमा गोळा कराव्यात आणि त्यांतून वीस-बावीस ठेवाव्यात. एका तासात त्याहून जास्त चित्रे दाखवली की डोळे नुसते सरकत राहतात. शोध घेताना फक्त इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नये. एखाद्या विश्वासार्ह पानावरून युक्रेनियन लिपीतले नाव उचलून त्याने शोध घेतला की कितीतरी अधिक आणि अधिक चांगल्या प्रतिमा मिळतात, आणि त्यांच्याखालचा मजकूर मोबाईलवरच्या भाषांतराने कामापुरता कळतो. प्रत्येक प्रतिमेबरोबर शहर, इमारत, वर्ष आणि सोबतच्या कलावंतांची नावे लिहून ठेवावीत. या चारांपैकी दोन गोष्टी सापडत नसतील तर ते चित्र सोडून द्यावे, कारण इंटरनेटवर होर्स्का यांच्या नावाखाली त्यांच्या मित्रमैत्रिणींची कामे सर्रास फिरतात. नावांचे उच्चार आधी मोठ्याने म्हणून पाहावेत आणि पाटीवर देवनागरीत लिहावेत. ऐनवेळी 'झालिवाखा' किंवा 'स्वेर्स्त्युक' वाचताना अडखळले की सभागृहात हसू फुटते आणि सूर जातो.

सुरुवात तैलचित्रांनी करावी. पन्नाशीच्या दशकात होर्स्का आणि झारेत्स्की दोघेही दोन्बासच्या कोळसाखाणींच्या भागात जाऊन कामगारांची चित्रे काढत होते. ही कामे अधिकृत चौकटीत बसणारी आहेत आणि चांगली आहेत. त्यानंतर कीव्हच्या उत्तरेला प्रिप्यात नदीच्या परिसरातील खेड्यांत त्या राहिल्या. पुढे १९८६ मध्ये ज्या अणुभट्टीच्या अपघाताने जगाला हा भाग माहीत झाला, तोच हा प्रदेश. नदीवरच्या फेरीबोटीचे त्यांचे साठच्या दशकाच्या सुरुवातीचे चित्र मिळवून दाखवावे. चोडण-दिवाडीच्या बोटींनी रोज ये-जा करणाऱ्या श्रोत्यांना त्यातली माणसे कशी उभी आहेत हे पाहायला आवडते. या टप्प्यावर रेषा जाड होते, सावल्या नाहीशा होतात, रंग सपाट आणि ठाम होतात, आणि आकृत्या भिंतीवर जाण्याची तयारी करत असल्यासारख्या वाटतात. बदल दाखवायला खाणकामगाराचे एक चित्र आणि हे चित्र शेजारी-शेजारी ठेवावे. त्यावर दोन वाक्ये पुरेत.

यानंतर कीव्ह विद्यापीठातल्या काचचित्राची गोष्ट येते, आणि हा व्याख्यानाचा पहिला मोठा टप्पा आहे. १९६४ मध्ये राष्ट्रकवी तारास शेव्चेंको यांच्या जन्माला १५० वर्षे झाली. त्यानिमित्त विद्यापीठाच्या लाल इमारतीच्या दर्शनी दालनासाठी रंगीत काचेचे मोठे चित्र करण्याचे काम पाच कलावंतांना मिळाले: होर्स्का, ल्युदमिला सेमिकिना, पानास झालिवाखा, हालिना सेव्रुक आणि हालिना झुब्चेंको. चित्रात संतप्त शेव्चेंको एका हाताने दुःखी स्त्रीला, म्हणजे युक्रेनला, जवळ धरतात आणि दुसऱ्या हातात ग्रंथ उंच धरतात. सोबत त्यांच्याच काव्यपंक्ती होत्या, मुक्या गुलामांना आपण थोर करू आणि त्यांच्या राखणीला शब्द उभा करू, अशा आशयाच्या. मार्च १९६४ मध्ये, उद्घाटन होण्यापूर्वीच, अधिकाऱ्यांच्या आदेशावरून हे चित्र फोडण्यात आले. फोडल्यानंतर समिती बसली, तिने ते विचारसरणीच्या दृष्टीने शत्रुत्वाचे ठरवले आणि होर्स्का व सेमिकिना यांना कलावंत संघातून काढण्यात आले. आधी फोडायचे आणि मग तपासायचे हा उलटा क्रम श्रोत्यांच्या नजरेत आणून द्यावा, पण त्यावर भाषण करू नये.

इथे मांडणीची एक सूचना आहे. काचचित्राची आराखड्याची चित्रे आणि छायाचित्रे शिल्लक आहेत. ती पडद्यावर आणावीत, शेव्चेंकोंचा हात, स्त्रीची मान, अक्षरांची ठेवण यांवर सावकाश बोलावे, श्रोत्यांना पाहू द्यावे, आणि ते आता अस्तित्वात नाही हे नंतर सांगावे. उलट क्रमाने सांगितले तर लोक चित्र पाहत नाहीत, त्यातला गुन्हा शोधत बसतात.

मग भिंतींकडे वळावे आणि सर्वांत जास्त वेळ इथेच घालवावा. होर्स्का यांना सुमारे वर्षभरात सदस्यत्व परत मिळाले, पण कीव्हमध्ये काम मिळणे अवघड झाले होते. १९६५-६६ मध्ये त्या एका गटाबरोबर दूर पूर्वेला, दोनेत्स्क या खाणींच्या शहरात गेल्या. वास्तुविशारद योसिप काराकिस यांनी आखलेल्या एका नव्या शाळेच्या बाहेरील भिंतींवर या गटाने मोझेकची, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेल्या चित्रांची, मालिका केली. त्यात 'प्रोमिथिअस' हे मोठे चित्र आहे आणि सूर्य, पाणी, अवकाश अशा विषयांची इतर चित्रे आहेत. गटात झारेत्स्की, झुब्चेंको आणि वयाने ज्येष्ठ असलेले ह्रिहोरी सिनित्स्या होते. सिनित्स्या यांचे नाव गाळू नये, कारण त्यांच्यामुळे एक तुटलेला धागा जोडला गेला. १९२० आणि १९३० च्या दशकांत मिखाइलो बोइचुक यांनी युक्रेनमध्ये भित्तिचित्रांची मोठी शाळा उभी केली होती. बायझंटाइन देवचित्रे, लोककला आणि आधुनिक रचना यांचा मेळ हे तिचे वैशिष्ट्य. १९३७ मध्ये बोइचुक यांना गोळ्या घालण्यात आल्या, त्याच वर्षी त्यांच्या पत्नीलाही, आणि त्यांची भित्तिचित्रे पुसून टाकण्यात आली. सिनित्स्या ही परंपरा जपून होते. दोनेत्स्कच्या भिंतींवर जो भक्कम, सपाट, गतिमान आकार दिसतो, त्याच्या मागे ही दडपलेली शाळा आहे.

सत्तेने कॅनव्हासवर जे चालू दिले नसते ते भिंतीवर कसे चालले, असे कोणीतरी विचारतेच. मोझेक ही 'सजावट' मानली जाई, आणि शाळेच्या भिंतीवर सूर्य नि पाणी काढले तर त्यात राजकारण शोधायला तपासनीस फारसे जात नसत. त्यामुळे रूपाचे जे प्रयोग प्रदर्शनात अडवले गेले असते ते इमारतींवर करता आले. माझ्या मते होर्स्का यांचे खरे मोठेपण इथे आहे, काचचित्राच्या प्रसंगात नाही.

दोनेत्स्कनंतर मारिउपोल. १९६७ मध्ये 'उक्राइना' नावाच्या उपाहारगृहात 'जीवनवृक्ष' आणि 'बोरिव्हितेर' ही दोन मोझेक झाली. बोरिव्हितेर म्हणजे वाऱ्यावर एका जागी तरंगत राहणारा छोटा ससाणा, आपल्याकडे ज्याला खरूची म्हणतात त्या जातीचा. हा पक्षी पडद्यावर मोठा करून दाखवावा आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना दाखवताना आपण करतो तशी घाई करू नये. पंख कुठे संपतात आणि वारा कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. लाल, निळे, पिवळे तुकडे चक्राकार फिरत जातात. आकृतीपेक्षा गती रंगवण्याचे हे काम आहे. ही चित्रे पुढे बराच काळ नजरेआड राहिली, त्यांतले 'बोरिव्हितेर' या शतकात पुन्हा उघडकीला आले, आणि २०२२ मध्ये रशियाच्या हल्ल्यात मारिउपोल उद्ध्वस्त झाले तेव्हा त्यांची मोठी हानी झाली. कीव्हच्या युक्रेनियन हाउस या सभागृहात २०२४ मध्ये होर्स्का यांच्यावर मोठे प्रदर्शन भरले, त्याला याच पक्ष्याचे नाव दिले होते.

दोनेत्स्क २०१४ पासून रशियाच्या ताब्यात आहे, मारिउपोल २०२२ पासून. म्हणजे कीव्हच्या कलाविद्यार्थ्यालासुद्धा या भिंती आज छायाचित्रांतूनच पाहाव्या लागतात. आपण लांब आहोत, आपल्याजवळ फक्त फोटो आहेत, असे वाटून वक्त्याने संकोच करू नये. या बाबतीत पेडण्याच्या वाचनालयात बसलेला माणूस आणि कीव्हमधला माणूस यांच्यात आता फारसे अंतर उरलेले नाही.

फोटोतून भिंत समजत नाही ही अडचण मात्र खरी आहे, आणि तिच्यावर गोव्यात एक चांगला उपाय आहे. व्याख्यानाच्या आधीच्या आठवड्यात वक्त्याने, आणि शक्य असेल तर काही श्रोत्यांनीही, पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जाऊन तिथली निळी-पांढरी आझुलेजू फरशीचित्रे पाहून यावीत. जॉर्ज कोलासू यांनी केलेली ही चित्रे १९३५ मध्ये बसवली गेली आणि पोर्तुगीज कवी कामोंइश यांच्या 'लुझियाद' या महाकाव्यातील प्रसंग त्यांत आहेत. तंत्र वेगळे आहे, विचारही अगदी उलटा, कारण ती राज्यकर्त्यांच्या गौरवाची चित्रे आहेत. परंतु भिंतीवरचे चित्र अंगावर कसे येते, जवळ गेले की कसे विस्कटते, दहा पावले मागे सरले की कसे जुळते, सकाळच्या आणि दुपारच्या उजेडात कसे बदलते, हे तिथे शरीराला कळते. त्या भिंतीची उंची डोळ्यांत ठेवून मग दोनेत्स्कच्या शाळेच्या फोटोत खिडकी किंवा दार शोधावे आणि त्यावरून चित्राचा आकार श्रोत्यांना सांगावा. आकड्यांपेक्षा हे लवकर पोचते.

चित्रे पाहून झाल्यावर, म्हणजे साधारण चाळिसाव्या मिनिटाला, चित्रकर्तीच्या दुसऱ्या कामाकडे यावे. होर्स्का साठच्या दशकाच्या सुरुवातीला, तिशी ओलांडल्यावर, युक्रेनियन भाषा नेटाने शिकल्या. मैत्रीण नादिया स्विट्लिच्ना त्यांना शुद्धलेखन घालत असे. हे सांगताना सभाध्यक्षाने सावध राहावे. भाषेचा विषय निघाला की आपल्याकडे सभेचे रूप पालटायला वेळ लागत नाही, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यावर चर्चा घसरली तर होर्स्का तिथेच राहतात. ती चर्चा दुसऱ्या दिवशी ठेवावी.

१९६२ मध्ये त्या, तान्युक आणि कवी वासिल सिमोनेंको कीव्हजवळच्या बिकिव्निया जंगलात गेले. स्टालिनच्या गुप्त पोलिसांनी १९३७ ते १९४१ या काळात मारलेल्या हजारो लोकांना तिथे पुरले होते. आसपासच्या गावकऱ्यांकडून ऐकून, जागा पाहून, त्यांनी कीव्हच्या नगर परिषदेला निवेदन दिले. सोव्हिएत सरकार पुढे कित्येक वर्षे त्या कबरींचे खापर नाझींवर फोडत राहिले आणि १९८९ मध्ये खरे काय ते मान्य झाले. सिमोनेंको डिसेंबर १९६३ मध्ये वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी वारले. होर्स्का यांनी केलेले त्यांचे व्यक्तिचित्र इथे दाखवावे, आणि त्यासोबत मित्रांची त्यांनी केलेली इतर कृष्णधवल व्यक्तिचित्रेही. भिंतींवरचे रंग पाहून झाल्यावर ही काळी-पांढरी रेषा वेगळीच धार घेऊन येते.

१९६५ मध्ये अटकसत्र सुरू झाले. काचचित्रातले सहकारी झालिवाखा यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. होर्स्का खटल्यांना हजर राहत, सरकारी वकिलांकडे निवेदने पाठवत, कैद्यांच्या छावणीतल्या मित्रांना पत्रे लिहीत, त्यांच्या कुटुंबांना मदत करत. १९६८ मध्ये राजकीय खटल्यांचा निषेध करणाऱ्या १३९ जणांच्या पत्रावर त्यांची सही होती. पत्र ब्रेझ्नेव्ह, कोसिगिन आणि पोद्गोर्नी यांना उद्देशून होते. कलावंत संघाने त्यांना दुसऱ्यांदा काढले. १९७० मध्ये इतिहासकार व्हालेंतिन मोरोझ यांच्या खटल्यात साक्षीसाठी बोलावले असता त्यांनी साक्ष द्यायला नकार दिला.

मृत्यूची हकिकत पाच मिनिटांत, साध्या वाक्यांत सांगावी. २८ नोव्हेंबर १९७० रोजी होर्स्का कीव्हजवळच्या वासिल्किव्ह गावी सासऱ्यांच्या घरी शिवणयंत्र आणायला गेल्या आणि परतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा मृतदेह फास्तिव्हजवळ रेल्वेमार्गावर सापडला. २ डिसेंबरला नादिया स्विट्लिच्ना आणि समीक्षक येव्हेन स्वेर्स्त्युक यांच्या पाठपुराव्यानंतर पोलिसांनी ते घर उघडले, तेव्हा तळघरात होर्स्का यांचा मृतदेह मिळाला. सासऱ्यांनी कौटुंबिक द्वेषातून खून करून आत्महत्या केली असा निष्कर्ष सोव्हिएत तपासाने काढला. मित्रांना आणि नंतरच्या अनेक अभ्यासकांना तो पटला नाही. खुनामागे केजीबी, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलीस, असल्याचा त्यांचा संशय आहे, आणि त्याचा न्यायालयात निवाडा झालेला नाही. वक्त्याने हे दोन्ही भाग याच क्रमाने, याच सावधपणे सांगावेत. 'केजीबीने मारले' असे ठामपणे म्हणणे सोपे असते आणि टाळ्याही पडतात, पण ज्यांनी आयुष्यभर खोट्या आरोपांविरुद्ध निवेदने लिहिली त्यांच्याविषयी बोलताना पुराव्याची पायरी चढून जाणे बरे नाही. ७ डिसेंबरला अंत्यसंस्कार झाले. तिथे स्वेर्स्त्युक बोलले आणि कवी वासिल स्तुस यांनी कविता वाचली. स्तुस पुढे १९८५ मध्ये छावणीतच वारले. यावर चर्चा लांबवू नये आणि लगेच दिवे लावावेत.

प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो, आणि तो आला नाही तर वक्त्याने स्वतः काढावा. एवढ्या विरोधक होत्या, तर शेवटच्या दोन वर्षांत, १९६८ ते १९७० मध्ये, पूर्व युक्रेनमधील क्रास्नोदोनच्या सरकारी संग्रहालयासाठी 'विजयध्वज' हे प्रचंड मोझेक कसे केले? ते संग्रहालय नाझींविरुद्ध लढून मेलेल्या स्थानिक तरुणांच्या गटाचे, सोव्हिएत प्रचाराच्या दृष्टीने अगदी पवित्र स्थान. उत्तर देताना सारवासारव करू नये. संघातून काढलेल्या चित्रकर्तीला गटाबरोबर मिळालेले ते मोठे, पैसे देणारे काम होते, हे एक. लेनिनग्राडचा वेढा भोगलेल्या आणि भाऊ गमावलेल्या स्त्रीला नाझींविरुद्धच्या लढ्याचा विषय परका नव्हता, हे दुसरे. आणि जुलमी राजवटीत जगणारा कलावंत एकाच वेळी तिच्यासाठी काम करतो आणि तिला विरोधही करतो. पोर्तुगीज काळात सरकारी नोकरी सांभाळून भूमिगतांना मदत करणारी माणसे आपल्या गावांतही होती, त्यामुळे हे इथे कळायला अडचण नसावी. आंजेलु द फोन्सेका यांच्याशी तुलनाही कोणीतरी करतो. साडी नेसलेली मारिया रंगवली म्हणून गोव्यात त्यांच्यावर टीका झाली आणि त्यांनी पुण्यात राहणे पसंत केले. पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्राकडे त्यांची चित्रे आहेत. साम्य एवढेच की दोघांनीही परक्या साच्यात आपल्या मातीचा चेहरा बसवला. त्यापुढे तुलना ताणू नये.

व्यवस्थेच्या बाबी थोडक्यात. पावसाळ्यात वीज जाण्याचा भरवसा जास्त, म्हणून चवथीनंतरचा एखादा रविवार निवडावा, पण गावची जत्रा आणि नाटकाच्या तालमी पाहून. पडदा नसेल तर न सुरकुतलेली पांढरी चादर ताणून बांधावी. मोझेकचे रंग पिवळट भिंतीवर मरतात. आल्तिन्हो येथील गोवा कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम निमंत्रण द्यावे, ते तंत्राविषयीचे प्रश्न विचारतात आणि चर्चा चित्रांकडे ओढून आणतात.

जमल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांसाठी मोझेकचे शिबिर ठेवावे. जुन्या घरांतल्या फुटक्या चिनी फरशा गोव्यातल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातल्या असल्यामुळे साहित्याची भीती त्यांना नसते. टाइल्सच्या दुकानांत फुटका माल बहुधा फुकट मिळतो. तुकडे मोठ्यांनीच गोणपाटात गुंडाळून हातोडीने करावेत, चष्मे आणि हातमोजे घालून, आणि धारदार कडा घासून मगच मुलांच्या हाती द्यावेत. सिमेंटच्या जाड फळीवर एकच मोठी आकृती खडूने काढावी. प्रत्येक मुलाला वेगळी छोटी फरशी देऊ नये, कारण होर्स्का यांची सर्व मोठी कामे चार-सहा जणांनी मिळून केलेली आहेत आणि एकाच पंखावर चार हात चालले की कोणता तुकडा कुठे हा वाद होतो, तो होऊ द्यावा. टाइल चिकटवण्याचे मिश्रण थोडे-थोडे लावावे, तुकडे किंचित कलते दाबावेत म्हणजे उजेड त्यांवर वेगवेगळा पडतो, आणि फटी दुसऱ्या दिवशी भराव्यात. पाटीवर काम करणाऱ्या सगळ्यांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत लिहावीत. फळी जड होते, म्हणून ती खिळ्यावर न टांगता वाचनालयाच्या व्हरांड्यात सोप्याच्या वर लोखंडी कोनांवर बसवावी आणि पावसाची झड लागणार नाही अशी भिंत त्यासाठी आधीच पाहून ठेवावी.